राजा घरी पोचेपर्यंत

आमचे शेजारी वामनकाका मोबाइलशी बुद्धिबळ खेळतात आणि जिंकायची वेळ आली की मुद्दाम आपलं शेवटचं प्यादं मारू देतात. पटावर दोनच राजे उरतात. प्रोग्राम 'बरोबरी' जाहीर करून डाव बंद करतो, आणि काका मोबाइलला अशा शिव्या घालतात की सौंसरच्या बसस्टँडवरचे कंडक्टरही लाजतील.

काका बिजली ऑफिसातून रिटायर झालेले. जन्मभर लोकांची लाइन कापली. आता स्वतःचा डाव मधेच कापलेला सहन होत नाही, असं मी म्हणतो. अर्थात त्यांच्या तोंडावर नाही.

एकदा मी शहाणपणा शिकवायला गेलो. "काका, मोजके मोहरे उरले की कॉम्प्युटर विचारच करत नाही. त्या सगळ्या मांडण्यांची उत्तरं त्याच्याजवळ आधीच तयार असतात."

"म्हंजे रट्टा मारून येते! मंग त्याले काय समजते बे? माहा राजा उभाच आहे, अन् हा पट गुंडाळून राहिला!"

"पण दोन राजांत कोणीच कोणाला मात देऊ शकत नाही, काका."

"मात कोन मांगून राहिलं?"

परवा तर त्यांनी मोबाइल संत्र्यांच्या टोपलीत भिरकावला. मला दया आली. म्हटलं, काढा तुमचा लाकडी पट. काका मला सहज लोळवू शकत होते; पण मोहरे उधळत उधळत त्यांनी मलाही दोन राजांवर आणलं. मी "बरोबरी" म्हणून मोहऱ्यांचा डबा ओढला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब ना बे. राजे घरी कुठं गेले?"

मग उलगडा झाला. काकू गेल्या वर्षी वारल्या. त्यांचं माहेर रामाकोना गावचं; बुद्धिबळ त्यांना काकांनीच शिकवलेलं. त्यात काकूंनी आपला एक नियम घुसवला होता: लढाई संपली की दोन्ही राजे आपापल्या मूळच्या घरी पोचवायचे, त्याशिवाय पट उचलायचा नाही.

"लय बदमाश होती," काका म्हणाले. "राजाच्या बाजूले राजा ठेवता येत नाही ना? तं मुद्दाम माह्या वाटेत येऊन उभी राहे. मले फिरून जा लागे. तेवढ्यात ती बोलून घे. पोरीचं, भाजीचं, साऱ्या दुनियेचं."

रोज संध्याकाळी हा माणूस त्या प्रोग्रामकडे एवढंच मागत होता.

काकांनी राजा एक घर मागे घेतला. मी माझा राजा घराकडे न नेता त्यांच्या वाटेत आडवा नेऊन ठेवला.

काकांनी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हां," ते म्हणाले, "आता सांग, तुह्या घरी आज भाजी कायची आहे?"