कोठावदे काकांचा आहेर

आमच्या सोसायटीतले कोठावदे काका लग्नाला, बारशाला, वाढदिवसाला पाकीट देत नाहीत. इंग्रजी शब्द देतात. यजमानाला गर्दीतून बाजूला घेतात, कानाशी तोंड नेतात आणि एकच शब्द हळूच सांगतात. मग जरा मागे सरून म्हणतात, "तोंडात घोळवा. गिळू नका."

शब्द असातसा नसतो. रोजच्या वापरातला शब्द आहेरात देणं त्यांना घरात पडून असलेली भेटवस्तू पुढे ढकलण्यासारखं वाटतं. आमच्या समोरच्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरानवरीला 'हॅल्सियन' दिला. शांत, सुखाचे दिवस, असा त्याचा अर्थ. वधूपित्याला ती पंख्यांची कंपनी वाटली आणि ते बरेच दिवस वॉचमनला विचारत राहिले, काही पार्सल आलं का म्हणून.

एवढ्यावर भागलं असतं तर काका नुसते चक्रम ठरले असते. पण त्यांचा एक नियम आहे. एकदा दिलेला शब्द ते स्वतः पुन्हा वापरत नाहीत. "आहेरात दिलेली साडी आपण परत मागून नेसतो का?" असं ते विचारतात. अगदीच नड आली तर शब्दाच्या मालकाला फोन करून तो रीतसर मागून घेतात, तेवढ्या वाक्यापुरता.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. नोकरीच्या सुरुवातीला कुठल्याशा साहेबानं त्यांना इंग्रजीत झापलं आणि काकांना त्यातलं निम्मंच कळलं. उरलेलं निम्मं कळावं म्हणून त्यांनी डिक्शनरी विकत घेतली. साहेब कधीच रिटायर झाले, काका अजून शोधतायत.

आता माझ्याविषयी. मी सोसायटीचा सेक्रेटरी. पोटापाण्यासाठी नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळतो. माझं इंग्रजी 'प्लीज फाइंड अटॅच्ड'पाशी सुरू होतं आणि 'थँकिंग यू'पाशी मान टाकतं. तरीही माझी पन्नाशी आली तेव्हा काका मला काय देणार याची मला मनातून फार उत्सुकता होती. उदार, विशाल, सागरासारखा, असं काहीतरी असावं अशी माझी अपेक्षा. इतकी वर्षं गळक्या टाकीची कटकट मी निभावली होती.

काकांनी मला केकपासून दूर नेलं आणि कानात म्हणाले, "लुगूब्रियस."

मी घोळवला. काय भारदस्त शब्द. अर्थ विचारणं मला अडाणीपणाचं वाटलं आणि शोधण्याचा आळस आला. पुढच्याच आठवड्यात कारखान्यात चेन्नईहून मोठे पाहुणे आले. ओळखपरेडीत मी छाती काढून इंग्रजीत सांगितलं की, माझी माणसं मला लुगूब्रियस म्हणतात. पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला, तो बराच वेळ सोडला नाही, आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. दुपारी एचआरच्या मॅडम येऊन म्हणाल्या, सर, तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटत असेल तर आपली एक हेल्पलाइन आहे. तेव्हा कुठे मी मोबाइल काढून अर्थ पाहिला. रडक्या, सुतकी चेहऱ्याचा.

संध्याकाळी मी तणतणत काकांच्या दारात. काकांनी शांतपणे मला आत घेऊन आरशासमोर उभं केलं. "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही मेंटेनन्स मागायला येता ना, तेव्हाचा चेहरा करा. आता बघा, शब्द मापाचा आहे की नाही?"

दुर्दैवानं होता.

"अहो, पन्नाशीला कोणी असलं देतं का?" आतून काकू चहा घेऊन आल्या. "एखादा हसरा शब्द द्यायचा की त्यांना."

"हसरा दिला असता तर तो लोंबला असता," काका म्हणाले.

काकू नांदगावच्या. शाळा सातवीपर्यंत झालेली, आणि इंग्रजीशी त्यांचं भांडणही नव्हतं, मैत्रीही नव्हती. पण त्यांच्याकडे एक शब्द होता. लग्नाच्या कुठल्याशा वाढदिवसाला काकांनी दिलेला, 'अप्रिसिटी'. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. नाशिकच्या थंडीत हे दोघं रोज सकाळी गच्चीवर दोन खुर्च्या टाकून बसायचे आणि काकू त्या शब्दाला घरातल्या पातेल्यासारखं वापरायच्या. "गोधड्या जरा अप्रिसिटीत टाका." "अप्रिसिटी सरकली, तुमची खुर्ची इकडं घ्या." "चला खाली, अप्रिसिटी संपली."

काका कळवळायचे. "अगं, अप्रिसिटी म्हणजे ऊन नव्हे. उन्हाची ऊब. ती सरकत नाही, जाणवते."

"मग ऊन सरकल्यावर जाणवून दाखवा," काकू म्हणायच्या आणि मेथी निवडायला घ्यायच्या. काकांना मेथी आवडत नाही, काकूंना फार. ती निवडायची मात्र दोघांनी.

मी त्या वेळी टाकी बघायला म्हणून गच्चीवर जायचो आणि उगाच रेंगाळायचो. माझा शब्दही एव्हाना माझ्या अंगवळणी पडला होता. एकदा तर काकांचा फोन आला, "सेक्रेटरीसाहेब, महापालिकेला पाण्याची तक्रार लिहितोय. तुमचा शब्द एका वाक्यापुरता मिळेल का?" मी मोठ्या मनानं दिला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे कोणी इंग्रजी मागत होतं.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. सकाळी देवाला फुलं काढून ठेवली आणि दुपारी गेल्या.

हिवाळा आला तसे काका सवयीनं गच्चीवर जाऊ लागले. खुर्च्या दोनच टाकायचे. एका रविवारी मी वर गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "छान ऊन पडलंय."

"हो. ऊन आहे."

एवढ्यावर थांबावं, तर मी कसला थांबतोय. "काका, तुमच्याकडे याला शब्द होता ना?"

"होता. पण तो तिचा आहे."

"मग मागून घ्यायचा, एका वाक्यापुरता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाकडे मागायचा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती चूक सावरायला मी दुसरी केली. म्हणालो, "मी म्हणू का? मला कुठे नियम आहे?" आणि म्हटलाही. माझ्या तोंडून तो शब्द पित्ताच्या गोळीचं नाव असावं तसा निघाला. काका सभ्य माणूस. ते म्हणाले, "प्रयत्न चांगला होता," आणि खुर्च्या उचलून खाली गेले.

त्यानंतर ते गच्चीवर येईनात. पुढच्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर बारसं होतं. आम्ही सगळे काकांची वाट पाहत होतो. बाळाची आई तर आदल्या दिवसापासून म्हणत होती, बघू या आमच्या पिल्लाला काय मिळतंय. काका आले, पाळण्याशी वाकले, बाळाच्या उशाशी एक पाकीट ठेवलं आणि पेढा घेऊन निघून गेले. तुमच्याआमच्यासारखं पाकीट. बाळाच्या आईचा चेहरा पडला. मला तर घरी येऊन जेवण गेलं नाही. कोठावदे काका पाकीट देतात म्हणजे या माणसाचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं आणि त्यावर काय करावं ते सुचेना.

मला सुचलं नाही ते बरंच झालं.

मखमलाबादच्या सुमनबाई सकाळी आमच्या फाटकाशी भाजीची गाडी लावतात. भाजी घरच्या मळ्यातली, म्हणून बायका त्यांच्याशिवाय कोणाकडे घेत नाहीत. काकू असताना काका कधी भाजीला उतरलेच नव्हते. त्या दिवशी ते पिशवी घेऊन उतरले आणि भिंतीच्या सावलीत मफलर गुंडाळून उभे राहिले. मी त्यांच्या मागे रांगेत होतो.

"बाबा, सावलीत काहून उभे? लय गारठा हाय," सुमनबाई म्हणाल्या. "इकडं या, अप्रिसिटीत."

काकांच्या हातातली पिशवी खाली पडली. "काय म्हणालात?"

"अप्रिसिटी. काकू म्हणायच्या ना. त्यांच्या माहेरचा शब्द हाय तो, नांदगावकडचा. आमच्या घरात समदेच म्हणत्यात आता. सासूबाई तर उठल्या की पयल्या अप्रिसिटीत जाऊन बसत्यात."

मला वाटलं, झालं. आता काका त्या बाईंना शब्दाचं कूळ, मूळ आणि लॅटिन सगळं ऐकवणार. उच्चार सुधारणार. ऊन आणि ऊब यांतला फरक सांगणार. काकांनी तोंड उघडलंही. पण विचारलं ते वेगळंच.

"अर्थ काय सांगितला होता तिनं?"

"अर्थ? उन्हात दोघांनी बसायचं," सुमनबाई मेथीच्या जुड्या लावत म्हणाल्या. "एकट्यानं बसलं तर ते नुसतं ऊन, असं म्हणायच्या काकू."

मी पिशवी उचलून काकांच्या हातात दिली. डिक्शनरीत हे नव्हतं, आणि इतकी वर्षं शेजारी बसून काकूंनी त्यांना हे सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी कोथिंबीर बघितली.

"बरोबर आहे," काका शेवटी म्हणाले. "नांदगावचाच शब्द आहे." आणि सावलीतून निघून गाडीच्या बाजूला उन्हात जाऊन उभे राहिले. मग त्यांनी मेथीची जुडी घेतली.

तेव्हापासून ते रोज मेथी घेतात आणि रोज ती आमच्या घरी येते. पराठे, भाजी, मुठिया, सगळे प्रकार करून बायको थकली आहे. मेथी द्यायला आले की काका दारातच विचारतात, "सेक्रेटरीसाहेब, येता का वर?"

मी माझा चेहरा घेऊन जातो. दुसऱ्या खुर्चीत बसतो. आम्ही दोघं मेथी निवडतो आणि शब्द कोणीच उच्चारत नाही. माझा आवाज त्याला शोभत नाही, त्यांना परवानगी नाही. मग खालून फाटकाशी सुमनबाईंचा आवाज येतो, कोणालातरी उन्हात बोलावणारा. काका हातातली काडी तशीच धरून ऐकतात, आणि खुर्ची थोडी माझ्याकडे सरकवतात.