मांडी घालून सांभाळलेली गाडी

तोमासीने त्या रविवारी एक छोटासा निर्णय घेतला आणि तोही फक्त पायांबद्दल. गाडीत बसल्यावर पाय खाली सोडायचे नाहीत, सीटवर मांडी घालून बसायचं, असं त्याने ठरवलं. पुढे जे काही झालं, ते त्या मांडीमुळे झालं.

गाडी त्याची नव्हती. ती त्याच्या मेहुण्याची, वाइसाकेची होती. पांढरी, हायब्रिड, जपानमध्ये दहा वर्षं वापरून मग बोटीने फिजीला आलेली. वाइसाके तीन महिने ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला निघाला होता. परत येईल त्याच आठवड्यात, शनिवारी, त्याचं लग्न होतं. नवरी सेनिमिली सिंगाटोका नदीच्या वरच्या अंगाच्या गावातली. तिला चर्चपर्यंत आणायची ती याच गाडीतून, फुलं आणि फिती लावून. तसा निरोपसुद्धा तिच्या घरी गेला होता.

तोवर गाडी कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न होता. वाइसाकेच्या मनात शेजारचा मुनसामी होता, कारण मुनसामी टॅक्सी चालवायचा आणि त्याची टॅक्सीही हायब्रिडच होती. पण तोमासीची बायको केलेरा, म्हणजे वाइसाकेची थोरली बहीण, मध्ये पडली.

"घरचा माणूस असताना गाडी शेजाऱ्याकडे? माझे हे सांभाळतील. मी शब्द देते."

(शब्द देताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर कदाचित दिला नसता.)

तोमासी शाळेच्या कचेरीत कारकून होता. त्याला गाडी चालवता येत नव्हती, पण चालवायची नव्हतीच. फक्त बॅटरी उतरू द्यायची नव्हती. निघायच्या दिवशी वाइसाकेने त्याला गाडीत बसवलं आणि सगळं समजावलं.

"दाजी, नीट ऐका. दर रविवारी अर्धा तास गाडी चालू ठेवायची. नुसती पडून राहिली की बॅटरी मरते. चालू झाली तरी आवाज येत नाही, घाबरू नका."

"बरं."

"आणि बटण दाबताना पाय ब्रेकवर दाबून ठेवायचा."

तोमासी हसला. वाइसाकेही हसला, कारण दाजी हसले. इथेच सगळा घोटाळा झाला.

त्यांच्याकडे मेहुण्यामेहुण्यांनी एकमेकांची थट्टा करायची असते. करायची असते म्हणजे केलीच पाहिजे. न करणारा माणूस नात्याला जपत नाही असं समजतात, आणि केलेल्या थट्टेवर रागावणाऱ्याला तर माणसांतच धरत नाहीत. तोमासी पहिल्यांदा सासुरवाडीला गेला, तेव्हा वाइसाकेने त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, की आमच्या गावात जावयाने नदीतून चालत यायचं असतं. तोमासी नव्या सुलूसकट, म्हणजे सणासुदीच्या लुंगीसकट, कमरेभर पाण्यातून गेला. सासरची सगळी मंडळी त्याचं स्वागत करायला पुलावर उभी होती. (हो, पूल होता.) मग तोमासीनेही चर्चचं पत्रक टाइप करताना 'आज वाइसाके एकट्याने भजन म्हणतील' असं घालून दिलं आणि हिशेब बरोबर केला. वाइसाकेचा आवाज गावाला अजून आठवतो.

असा हा मेहुणा सांगतोय, की गाडी चालू करताना ब्रेक दाबा! गाडी चालू करायची आणि त्याच वेळी थांबवायचीही? 'मला अगदीच बावळट समजतो,' तोमासी मनात म्हणाला. आवाज येत नाही हे खरं असणार, कारण मुनसामीची टॅक्सी कोपऱ्यावरून येते ती मांजरासारखी. पण ब्रेकचं नक्कीच नदीसारखं. आपण ब्रेक दाबणार, काहीतरी विपरीत होणार, भोंगा तरी वाजेल नाहीतर पाणी तरी उडेल, आणि लग्नात हा सगळ्यांना रंगवून सांगणार. म्हणून चुकूनही पाय लागू नये यासाठी ती मांडी.

पहिल्या रविवारी तो चर्चहून आला, गाडीत बसला, मांडी घातली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. एक बाई जपानीत गोड आवाजात काहीतरी बोलली. रेडिओ लागला. बटणावर पिवळा दिवा आला. आवाज मात्र काही नाही.

"चालू झाली," तोमासी खिडकीतून म्हणाला.

"आवाज कुठाय?" केलेराने ओट्यापाशी कसाव्याचे कंद सोलता सोलता विचारलं.

"हायब्रिडला नसतो."

"आणि असे मूर्तीसारखे का बसलात?"

"तू यात पडू नकोस. हा आमच्या दोघांतला मामला आहे."

अर्धा तास त्याने रेडिओवर रग्बीची मॅच ऐकली. रविवारच्या जेवणाआधी इतकं सुख त्याला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. पुढच्या रविवारी तो चहा घेऊनच बसला.

सातव्या रविवारी पडदा जरा अंधुक वाटला. जपानी बाईचं बोलणंही मध्येच तुटलं. आठवड्यातून एकदा पुरत नसावं! तो रोज बसायला लागला. गाडी आणखी मलूल झाली. तो सकाळ-संध्याकाळ बसायला लागला. रेडिओ आपोआप बंद पडू लागला. तो तासभर बसायला लागला. जितकी सेवा वाढली, तितका रोगी खंगला. काय चुकतंय तेच त्याला कळेना. वेळ चुकत नव्हती, एक मिनिटही कमी पडत नव्हतं, आणि पाय तर ब्रेकच्या आसपासही गेला नव्हता.

लग्नाच्या आठवड्यातल्या मंगळवारी तो सकाळी गाडीपाशी गेला, रिमोट दाबला आणि काहीच झालं नाही. दारही उघडेना. त्याने बाजारातून रिमोटचा सेल आणून बदलला. नाही. मग दुसऱ्या बाजूने जाऊन दाबला. (गाडीला त्या बाजूने ऐकू येत असेल, असं त्याला वाटलं असावं.) नाही म्हणजे नाही.

केलेरा दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं?"

"झोपलीय."

"झोपलीय की गेली?"

तोमासीने पुन्हा एकदा रिमोट दाबून पाहिला.

"अहो, गेल्या वर्षी पपईची रोपं गेली, तेव्हाही तुम्ही 'झोपलीत' म्हणाला होता." तिचा आवाज खाली आला. "शनिवारी सेनिमिली गावाच्या वेशीवर फुलं माळून उभी राहणार. तिचे काका, माम्या, सगळं गाव. आणि गाडी नाही. मी शब्द दिला होता हो. मी."

ती ओरडली असती तर तोमासीला परवडलं असतं. त्याने तिथल्या तिथे फोन काढला आणि ऑस्ट्रेलियाला लावला.

"वाइसाके, गाडी मेली रे."

पलीकडून खो-खो हसू. "अरेरे! दाजी, मग पुरली की नाही?"

"अरे, खरंच मेली! दार उघडत नाही!"

"रडताय की काय? वा! आवाज काय काढलाय! ए पोरांनो, ऐका, आमचे दाजी..." त्याने फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण आता दहा-बाराजण हसत होते.

"वाइसाके, मी तुझ्या आईची शपथ घेऊन..."

"शपथ बिपथ नको, माझं पोट दुखतंय. गुरुवारी येतोच. तोवर तिला फुलं वाहा!" आणि फोन बंद.

तोमासी फोनकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो मेहुण्याशी खरं बोलला होता आणि इतका यशस्वी विनोद त्याच्याकडून आजवर झाला नव्हता.

शेवटी केलेरानेच कुंपणावरून हाक मारली. "मुनसामी अण्णा! जरा येता का?"

मुनसामी टॅक्सी घेऊनच आला. त्याने रिमोट हातात घेतला, त्याच्या पोटातून एक बारीकशी किल्ली ओढून काढली आणि दार उघडलं. तोमासीने तीन महिने तो रिमोट खिशात वागवला होता. आत किल्ली आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मग मुनसामीने बॉनेट उघडलं, टॅक्सीतून लाल आणि काळी वायर आणून जोडली आणि गाडीत बसला.

"क्लार्कसाहेब, चालू कशी करत होता? दाखवा."

तोमासी शेजारच्या सीटवर बसला, मांडी घातली आणि हात लांब करून बटणाकडे बोट केलं.

मुनसामीने मांडीकडे पाहिलं. "हे काय? पूजा?"

"पाय लागू नये म्हणून."

"कशाला लागू नये?"

"ब्रेकला."

मुनसामीने ब्रेकवर पाय दाबला आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. अशी हिरवी अक्षरं तोमासीने कधीच पाहिली नव्हती. थोड्याच वेळात बॉनेटखालून घुर्र असा आवाज सुरू झाला.

"आवाज आला!" तोमासी दचकला. "बिघडली?"

"बिघडली नाही साहेब, आज जेवायला बसली." मुनसामी शांतपणे सांगू लागला. "हिच्यात दोन बॅटऱ्या. मोठी गाडी ओढते, छोटी दिवे लावते, दार उघडते, रेडिओ लावते, गाडीला जागं करते. नुसतं बटण दाबलं की रेडिओ, पडदा सगळं त्या छोटीच्या जिवावर चालतं. ब्रेक दाबून चालू केली, तरच मोठी छोटीला भरवते. तुम्ही रोज त्या बिचारीला उठवलंत, कामाला लावलंत आणि उपाशी झोपवलंत."

"म्हणजे मी काहीच केलं नसतं, तर?"

मुनसामीला खोटं बोलायची सवय नव्हती. "तर कदाचित आणखी काही दिवस जगली असती."

तोमासीने मांडी सोडली. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या.

"आणि ती बाई, रोज काय सांगत होती? ब्रेक दाब, असंच ना?"

"छे. जपानच्या टोलनाक्याचं कार्ड घातलेलं नाही म्हणते. माझी पण सहा वर्षं तेच म्हणतेय."

मुनसामीने गाडी तासभर नदीकाठाने फिरवून आणली आणि गुरुवारपर्यंत रोज फिरवायचं कबूल केलं. काम झालं होतं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पण केलेराने भावाला दिलेला शब्द तोमासीच्या मनातून जाईना. गुरुवारी वाइसाके घरी आला, आंघोळ करून चटईवर बसला, तेव्हा तोमासीने यांगोनाच्या, म्हणजे ज्यांचं मानाचं पेय करतात त्या, मुळांची जुडी आणून त्याच्यासमोर ठेवली, मान खाली घातली आणि रीतसर माफी मागितली. आपल्याकडून मोठी चूक झाली की अशीच मागायची असते. मग त्याने मांडीपासून मुंग्यांपर्यंत सगळं सांगितलं.

वाइसाके ऐकत होता. त्याच्या ओठांची टोकं आधी हलली, मग खांदे, मग तो चटईवर आडवा झाला.

"माफी! यांगोना ठेवून! ताई, बघ गं! फोनवरचा विनोद पुरा करायला हा माणूस मुळं विकत घेऊन आला!" डोळे पुसत तो म्हणाला, "दाजी, हरलो. नदीवर, पुलावर, सगळ्यावर मात. असा दाजी मिळायला पुण्य लागतं."

"अरे, खरं आहे ते!"

"हो हो. मांडी घालून!" आणि तो परत आडवा झाला.

केलेराने मान हलवली. "खरंच आहे रे."

"तूपण सामील? वा!"

शनिवारी वाइसाकेने ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. ती हिरवी अक्षरं दिसेपर्यंत तोमासी आणि केलेरा अंगणात श्वास रोखून उभे होते. अक्षरं दिसली. मग मुनसामी स्टिअरिंग हातात घेऊन वरच्या गावी गेला आणि फितींनी नटलेली गाडी सेनिमिलीला घेऊन वेळेवर चर्चच्या दारात आली. केलेराने नवऱ्याचा हात दाबला. एवढा एक क्षण तोमासीचा होता.

जेवणाच्या मांडवात भुईभट्टीत भाजलेलं डुक्कर आणि अळकुड्या वाढून झाल्यावर वाइसाकेने सगळ्यांना गप्प केलं. "आता आमचे दाजी तो गाडीचा किस्सा सांगतील. हलू नका."

तोमासीने सांगायला नको म्हटलं, तर लोक आणखी हसले. मग त्याने सांगितला. एक अक्षर वाढवलं नाही, एक अक्षर गाळलं नाही. मांडव कोसळायचा बाकी राहिला. नवरीकडचा एक म्हातारा हसता हसता बाकावरून घसरला. मुनसामी साक्ष द्यायला उठला, तर लोकांना वाटलं, हाही नाटकातला. तोमासी दोन्ही हात जोडून म्हणत होता, "अहो, खरं आहे हो," आणि त्या वाक्याला सगळ्यात मोठा हशा पडत होता.

हसली नाही ती एकटी सेनिमिली. मेहुण्याची बायको म्हणजे त्यांच्यात बहीण, आणि भावाबहिणींत थट्टा अजिबात चालत नाही. बोलायचं ते मोजकं, मान राखून आणि खरं. जेवणं उरकल्यावर ती हळूच तोमासीजवळ आली आणि नजर खाली ठेवून म्हणाली, "दादा, तुम्ही सांगितलंत ते सगळं खरं आहे, हो ना?"

तोमासीचे डोळे भरून आले. एवढ्या मांडवात एका माणसाचा तरी त्याच्यावर विश्वास बसला होता.

"हो बाई. अक्षर न् अक्षर."

"मला वाटलंच." ती थोडी घुटमळली. "पुढच्या महिन्यात आम्ही दोघंही द्राक्षांना जाणार. हे म्हणतायत, गाडी परत दाजींकडेच ठेवू. मी नाही म्हणणार नाही. तुमचा मान आहे. तुम्ही गाडी जरूर सांभाळा, दादा."

तोमासीने मान ताठ केली.

"फक्त," ती अगदी अदबीने म्हणाली, "बाहेरून."