सात फण्या

आमच्या शेजारचे नाना माणसालाही केळ्यासारखं पारखायचे. माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले, तेव्हा नानांनी कुंपणावरून मुलाकडे एक नजर टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगा कच्चा शे. आठ दिन आढीमां घाला." पाहुणे अर्धा चहा टाकून उठले.

केळ्यात मात्र नाना चुकत नसत. चोपड्याच्या मळ्यांतून त्यांनी जन्मभर ट्रक भरून दिले. घडाला बोट लावून सांगायचे, "हाई दिल्लीले शुक्रवारले पिवळं व्हई." मग ट्रक घाटात अडकला, कुठे संप झाला, की नाना ट्रकवर चिडायचे. "केळानं खरं शे, मानूसनं काही खरं नही."

म्हातारपणी ते एकटेच राहत. पडवीच्या वाशाला सुतळीनं केळ्यांच्या सात फण्या टांगलेल्या. पहिली हिरवीगार, शेवटची पिवळीधमक. रोज संध्याकाळी ती पिवळी फणी कुंपणावरून माझ्या हातात द्यायचे आणि सकाळी नवी हिरवी टांगायचे. आमच्याकडे शिकरण झालं, भजी झाली. मुलं केळं बघून पळायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "म्हाताराले याड लागनं."

मी भिडस्त. दोन महिने नुसती फणी घेत राहिले. एकदा कसंबसं विचारलं, "नाना, रोज रोज कशाले?"

त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं. सुरतेला दिलेल्या त्यांच्या लेकीचं, शांताचं होतं. चौथीपुरतं मला वाचता येतं. 'यांची गिरणीतली पाळी सारखी बदलते. सुटी मिळाली की येते. दिवस सांगता येत नाही.'

"कधी बी येवो," नाना म्हणाले, "त्या दिन एक फणी बराबर पिकेल पाहिजे. तिले जरासं कच्चं चालत नही, जरासं नरम बी नही."

तेव्हापासून फणी घ्यायला हात पुढे करताना मला वाईट वाटायचं.

होळीनंतर एका संध्याकाळी नाना कुंपणाशी आलेच नाहीत. मी डोकावले. शेवटची सुतळी रिकामी लोंबत होती आणि खाली शांता केळं सोलत बसली होती. पिशवी अजून खांद्यालाच.

"नाना, उद्या सकायनीच गाडी शे मनी."

नाना वाशाकडे बोट दाखवत होते. "उद्या हाई पिकी. परवा ती. ह्या सहाच्या सहा बठ्ठ्या कोन खाई?"

शांता माझ्याकडे बघून हसली. शेजारी आहेतच की, असं तिला म्हणायचं असावं. मी जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलले.

"अक्का, आमना घर केळा कोनीच खात नही हं!"