वामनरावांचा फिका

वामनरावांना शुगर निघाली, त्या दिवशी शालूबाईंनी साखरेचा डबा सर्वांत वरच्या फळीवर चढवला आणि नवऱ्याला समोर बसवलं. "आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवा. आजपासून चहा फिका." लेक हसत पुढे आली. वामनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि चार दिवस, खोटं कशाला बोला, पाळलीसुद्धा.

पाचव्या दिवशी त्यांना राहवलं नाही. अकोल्याच्या बाजारात त्यांचं फुलांचं दुकान, आणि दुकानासमोरच अब्दुल रहीमची चहाची टपरी. वामनराव टपरीवर गेले, इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "रहीमभाई, आजपासून मी फिका म्हनलं का समजून जायचं."

"क्या समजू?"

"तीन चमचे."

तेव्हापासून वामनराव अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडायचे, "रहीमभाई, एक फिका," आणि तीन चमच्यांचा चहा मजेत फुरके मारत प्यायचे. बाजारात नाव झालं. माणसाचा जिभेवर ताबा असावा तो वामनरावांसारखा, असं लोक म्हणू लागले. ही कीर्ती शालूबाईंच्याही कानावर जायची. त्या नुसतं "हौ" म्हणायच्या आणि पोळी लाटायला लागायच्या. दोन वर्षं अशी सुखात गेली. गंमत म्हणजे शुगरचे रिपोर्टही चांगले यायला लागले. डॉक्टर पाठ थोपटायचे, आणि या डॉक्टर लोकांना काही म्हणता काही समजत नाही, असं वामनरावांचं मत पक्कं होत गेलं.

मग आकांक्षाचं लग्न जमलं आणि साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. मे महिना, अकोल्याचं ऊन, आणि अमरावतीहून आलेली तीस माणसं. चहापाण्याचं काम रहीमभाईंनी मागून घेतलं होतं. "बेटी आमची बी हाय," असं म्हणून त्यांनी मागच्या पडवीत शेगडी मांडली.

मुहूर्त जवळ आला होता. गुरुजींनी दोन्ही बापांना पाटावर बसवलं आणि बजावलं, "आता कोणी उठायचं नाही." पोरीला तयार करायला बायांनी नेहमीप्रमाणे वेळ लावला. तेवढ्यात कैरीच्या पन्ह्याचा ट्रे आला. नवऱ्या मुलाचे वडील देवीदासराव यांनी ग्लासाकडे आशेनं पाहिलं आणि हात आडवा केला.

"मले नाई चालत. लय शुगर हाय. मागच्या दिवाळीत एक करंजी जास्त खाल्ली, तं तीन दिवस दवाखान्यात भरती होतो."

"खरं सांगून राहिले," त्यांच्या बायको साधनाबाई मागून म्हणाल्या. "फिका चहा असन तं द्या."

वामनरावांची छाती फुगली. अशा वेळी आपली कीर्ती कामाला नाही येणार तर कधी येणार? "अवो, मीबी फिकाच पेतो. दोन वर्सं झाले, साखरेले हात नाई," ते म्हणाले आणि सवयीनं पडवीकडे तोंड करून ओरडले, "रहीमभाई, दोन फिके."

ओरडले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता. रहीमभाई पडवीतून "आले भाऊ" म्हणाले. तीन दुणे सहा चमचे.

वामनराव पाटावर अडकले होते. उठून रहीमच्या कानात सांगावं, तर गुरुजी समोर. बसल्या जागेवरून "साखर नको" म्हणावं, तर शालूबाई दारातच उभ्या. पोरीची शपथ, आणि तीही पोरीच्या साक्षगंधात, व्याह्यांसमोर उघडी पडायची. आणि गप्प बसावं, तर व्याही थेट दवाखान्यात.

चहा आला. देवीदासरावांनी कप उचलला, तसा वामनरावांनी तो हातातून काढून घेतला. "तडकलेला कप हाय. पाहुण्याले तडकलेला कप देतात का कुठं?" आणि लोक पाहत होते म्हणून तो चहा स्वतः पिऊन टाकला. मग आपलाही प्याले.

"रहीमभाई, आणखी एक फिका," ते ओरडले. "एकदम फिका. समजलं का?"

रहीमभाई समजले. व्याह्यांसाठी खास आहे, हे त्यांच्या बरोबर ध्यानात आलं.

व्याह्यांसाठी दुसरा कप आला. "लय गरम असन, पाहू बरं," असं म्हणून वामनरावांनी घोट घेतला. आधीच्यापेक्षा गोड होता. तोही त्यांनाच संपवावा लागला.

"काहून हो," शालूबाई दारातून म्हणाल्या, "पाहुण्याइचा चहा तुमीच पेऊन राहिले?"

"चाखून पाहिला."

"कपभर?"

साधनाबाई आता वामनरावांकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहू लागल्या होत्या. अशा घरात पोरगं द्यावं का नाही, असा तो चेहरा. आणि तेवढ्यात रहीमभाईंनी आपणहून पाठवलेला तिसरा कप आला, तो देवीदासरावांनी ट्रेमधूनच उचलला आणि ओठाला नेला. आतल्या दारात आकांक्षा नटून उभी राहिली होती. वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं. पोरीची शपथ मोडली तेवढं पाप पुरे होतं, आता तिच्या सासऱ्याचा जीव कुठे डोक्यावर घ्यायचा?

"थांबा भाऊ," ते म्हणाले. "पेऊ नका. आमच्या फिक्यात तीन चमचे साखर असते."

गुरुजींनी पोथी मिटली.

"मी रोज गोड पेतो," वामनराव मान खाली घालून म्हणाले. "दोन वर्सं झाले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आन् मोडली. तुमाले जे बोलायचं ते मले बोला, पोरीले काही बोलू नका."

शालूबाईंनी शांतपणे पडवीकडे पाहिलं. "रहीमभाई, दाखवा."

रहीमभाई ओशाळून आत आले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पांढरी डबी काढली. "भाऊ, साखर कुठी हाय? भाभी दर महिन्याले ह्या गोळ्या देऊन जाते. बिनसाखरेच्या. एका कपात तीन टाकतो. भाभीनं सांगाले मना केलतं."

वामनराव बायकोकडे पाहतच राहिले. "तुले कधी समजलं?"

"पाचव्याच दिवशी. सदऱ्यावर चहा सांडून आले होते. रात्री त्याले मुंग्या लागल्या. फिक्या चहाले मुंग्या लागतात का?"

"म्हंजे दोन वर्सं मी फिकाच पेऊन राहिलो?"

"हौ. शपथ मोडायले गेले होते तुमी, पन तेवढंबी जमलं नाई तुमाले."

आधी आकांक्षा हसली, मग सगळं घर हसलं. देवीदासरावांनी तो कप सावकाश संपवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "साधना, पोरगी तं पसंत होतीच. आता हा चहाबी पसंत हाय." साधनाबाई उठून शालूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या आणि गोळ्यांचं नाव विचारू लागल्या. गुरुजींनी पोथी पुन्हा उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूबाई मुद्दाम वामनरावांबरोबर टपरीवर आल्या. वामनराव आज ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "रहीमभाई, दोन फिके."

"एकच," शालूबाई म्हणाल्या. "माह्यात साखर टाका. मले कुठं शुगर हाय?"

चहा आला. शालूबाईंनी आपल्या कपातला घोटभर चहा बशीत ओतला आणि बशी नवऱ्याकडे सरकवली. "घ्या. पोरीच्या साक्षगंधाचं तोंड गोड करा. एकच घोट."

दोन वर्षांनी खरी साखर. वामनरावांनी बशी दोन्ही हातांनी उचलली, घोट घेतला आणि जिभेवर घोळवला.

"कसा हाय?" शालूबाईंनी विचारलं.

"फिका," वामनराव म्हणाले.