पाठमोरे पेडणेकर

आमच्या घरी रोज संध्याकाळी एक गृहस्थ टीव्ही बघायला येत आणि टीव्हीकडे पाठ करून बसत.

माझं लिहिण्यात काही चुकलेलं नाही. पेडणेकर आले की कोपऱ्यातलं स्टूल उचलायचे, टीव्हीच्या टेबलाशेजारी ठेवायचे आणि तोंड आमच्याकडे करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचे. पाठीमागे नाच चालू असो, निवडणुकीचे निकाल असोत नाहीतर डाळिंबावरची कीड असो, त्यांनी कधी मान वळवली नाही. आम्ही टीव्ही बघायचो आणि पेडणेकर आम्हाला बघायचे, अशी ती व्यवस्था होती.

वर्तकनगरच्या वसाहतीत आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार असेल. मजल्यावर टीव्ही दोनच, एक आमचा आणि एक पेडणेकरांचा. त्यांचा कोपरला गेल्यापासून आमचा एकटाच उरला. तो तिकडे गेला त्याचं असं झालं की त्यांच्या मुलाला मुलगा झाला, सून नोकरीवाली, म्हणून पेडणेकरवहिनी दोन महिन्यांसाठी कोपरला राहायला गेल्या. त्यांच्या करमणुकीसाठी मागोमाग टीव्हीही गेला. मग नातू रांगायला लागला, मग शाळेत जायला लागला, तेवढ्यात नात झाली, आणि वहिनी राहिल्या त्या राहिल्याच. मुलाची जागा एवढुशी, रात्री अंथरुणं घातली की आणखी एका माणसाने उभंच राहायचं. म्हणून पेडणेकर इथे एकटे. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कोपरला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे.

आता थोडं माझ्याविषयी. टीव्हीवर माझी फार नाराजी होती. संध्याकाळी सेट लावला की शेवटच्या बातम्या संपेपर्यंत मी नाराज असायचो. माझ्याकडे तुळशीची कुंडीसुद्धा नव्हती, पण शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम मी कधी चुकवला नाही. द्राक्षावरचा भुरी रोग मला रस्त्याने जाता जाता ओळखता आला असता. मराठी कार्यक्रम जरा रंगात आला की त्याची वेळ संपायची आणि दिल्लीहून एक गंभीर माणूस दुसऱ्या गंभीर माणसाची मुलाखत घ्यायला लागायचा. तीही मी पुरी बघायचो, कारण शिव्या द्यायच्या तर माहिती पक्की हवी. टीव्हीवाल्यांना मी तक्रारीची खरमरीत पत्रं लिहायचो. एका पत्राला उत्तर आलं. त्यात माझ्या प्रोत्साहनाबद्दल आभार मानले होते.

त्यामुळे पेडणेकरांनी पाठ करून बसायचं कारण सांगितलं तेव्हा मला त्यांचा मनापासून आदर वाटला. ते म्हणाले, हा निषेध आहे. एका शनिवारी म्हणे नाटकाचा शेवटचा अंक मधेच तोडून कसलंसं उद्घाटन दाखवलं. त्या दिवसापासून त्यांनी टीव्हीचं तोंड बघणं सोडलं. ऐकू येतं त्याला इलाज नाही, कानांना पापण्या नसतात. मी इतका नाराज असून माझी खुर्ची कधी तसूभर वळवली नव्हती, आणि हा माणूस खुशाल पाठ फिरवून बसला होता.

पेडणेकर एका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. तयार झालेला माल मोजून बघायचा आणि त्यावर पास, रिवर्क म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर शिक्का गेला, पण सवय राहिली. कार्यक्रम संपला की ते आमच्या चेहऱ्यांवरून निकाल देत. "आजचा माल रिजेक्ट. वहिनी सारख्या घड्याळाकडे बघत होत्या." किंवा, "बातम्या पास. सामंत, तुम्ही आ वासलात तो मिटलाच नाहीत." मालती, म्हणजे माझी बायको, सुरुवातीला बिचकायची. मग तिला सवय झाली आणि ती त्यांच्यासमोर बिनधास्त जांभया द्यायला लागली.

अडचण माझी झाली. ऑफिसात मी टीव्हीचा टीकाकार म्हणून मान मिळवून होतो. तेव्हा एक कौटुंबिक मालिका चालली होती, सगळी माणसं सतत कुणाला तरी निरोप देत असायची. जेवणाच्या सुट्टीत मी तिची अशी काही नक्कल करायचो की बाकीच्यांचे डबे थंड व्हायचे. असाच एकदा घरी, आलेल्या शेजाऱ्यांपुढे मी तिची चिरफाड करत होतो. पेडणेकर शांतपणे म्हणाले, "सामंत, काल ती माहेराहून निघाली तेव्हा तुमचा खालचा ओठ हलत होता."

मी म्हटलं, सुपारी अडकलेली.

"आणि परवा साबणाच्या जाहिरातीला डोळे पुसलेत, तेव्हापण सुपारीच होती?"

ज्या माणसाने टीव्हीकडे कधी बघितलं नाही त्याच्याशी वाद तरी कसा घालणार? त्याच्याकडे माझ्याविरुद्ध सगळा पुरावा होता. त्यानंतर काही दिवस मी दगडी चेहरा करून बसलो. पेडणेकर म्हणाले, रिवर्क.

एकदा पुण्याचे माझे मेहुणे आले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. एक अनोळखी गृहस्थ समोर स्टूलवर बसून आपल्याकडे एकटक बघतायत, हे पाहून ते आधी हसले, मग त्यांनी शर्टाची बटणं चाचपली, मग उठून आरशात बघून आले. शेवटी मला आत बोलावून त्यांनी विचारलं की हे आमच्या मुलासाठी कुणाचं स्थळ घेऊन आलेत का. मेहुण्यांचा मोठा मुलगा तेव्हा तिसरीत होता.

क्रिकेटच्या सामन्याला तर मला पेडणेकर फार उपयोगी पडायचे. मी पाणी प्यायला आत गेलो तर ते तिथूनच ओरडून सांगायचे, आपला गेला, नाहीतर त्यांचा गेला. हे ते कॉमेंट्री ऐकून नव्हे, बसलेल्यांच्या खांद्यांवरून ओळखायचे. गच्चीवर अँटेना फिरवायला गेलो तरी त्यांचाच आधार. चित्र आलं की नाही हे आत बसलेले लोक कधीच नीट सांगत नाहीत, कारण चित्र आलं की ते बघत बसतात. पेडणेकर खिडकीशी येऊन सांगायचे, "आलं असावं. सगळे गप्प झाले."

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. बुधवारी एक विनोदी कार्यक्रम लागायचा. त्यात एखाद्या ठिकाणी घरभर हशा झाला की पेडणेकर निकाल द्यायचं विसरून पुढे झुकायचे आणि विचारायचे, "सगळीकडे हेच ना?" मी हो म्हटलं की पुन्हा, "म्हणजे आत्ता, ह्या घटकेला, सगळीकडे हेच?"

मी सांगायचो की हो, अख्ख्या महाराष्ट्राच्या नशिबी हेच. तो मला टोमणा वाटायचा, आणि चांगला वाटायचा. मी तो ऑफिसात स्वतःचा म्हणून वापरायलाही लागलो. मात्र माझं उत्तर ऐकून पेडणेकरांचा चेहरा उजळायचा आणि ते स्टूलवर जरा ऐसपैस बसायचे. मी समजायचो, निषेध करणाऱ्याचं समाधान.

काही वर्षांनी केबल आली. तोवर मजल्यावर घरोघर टीव्ही झाले होते आणि आमच्याकडची गर्दी पांगली होती. राहिलो आम्ही दोघं, कॉलेजला जाणारी आमची मुलगी स्वाती आणि स्टूलवर पेडणेकर. वसाहतीत केबलची वायर पहिल्यांदा कुणी घेतली असेल तर मी. रंगीत सेट घेतला, त्याबरोबर रिमोट आला, आणि इतकी वर्षं एका वेळी एकाच कार्यक्रमावर नाराज असणारा मी आता एका वेळी पाच-सहा कार्यक्रमांवर नाराज होऊ लागलो. काहीच बघण्यासारखं नाही हे कळायला मला पूर्वी अर्धा तास लागायचा. आता दोन मिनिटांत कळायचं, आणि ते पुन्हा पुन्हा तपासत मी उशिरापर्यंत जागायचो.

पेडणेकरांची मात्र पंचाईत झाली. आमच्या चेहऱ्यांवर काही टिकेना. मालती हसायला लागली की मी चॅनेल बदलायचो. मग ती माझ्यावर चिडायची आणि पेडणेकरांना कळायचं नाही की हा राग कार्यक्रमावरचा की नवऱ्यावरचा. एका बुधवारी त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "सामंत, ते आपलं जुनं लावता?" मी म्हटलं, सोडा हो, ते आता कोण बघतं. त्या दिवशी दुसऱ्याच कुठल्यातरी चॅनेलवर काहीतरी झालं आणि आम्ही तिघंही खो-खो हसलो. पेडणेकर पुढे झुकले.

"सगळीकडे हेच ना?"

"छे हो," मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "गेले ते दिवस. आता ज्याच्या घरी त्याचं वेगळं."

"असं होय," पेडणेकर म्हणाले. थोडा वेळ बसले. मग उठून त्यांनी स्टूल कोपऱ्यात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, पाठ दुखते, स्टूलवर बसवत नाही. मी खुर्ची देऊ केली. ते नुसते हसले.

पुढे कोपरला मालतीच्या मावसबहिणीकडे बारसं निघालं. तिथून निघताना मालती म्हणाली, एवढे आलोच आहोत तर पेडणेकरवहिनींना भेटून जाऊ. बुधवार होता, दिवेलागण झालेली. वहिनी नातवंडांचा वरणभात कालवत टीव्हीसमोर बसल्या होत्या. तोच जुना, लाकडी शटरचा टीव्ही, आणि त्यावर तोच जुना बुधवारचा कार्यक्रम. मुलांचे अभ्यास बुडतात म्हणून केबल घेतली नाही, असं त्या म्हणाल्या. आम्हाला बघून त्यांना फार आनंद झाला. मी गप्पांच्या ओघात पेडणेकरांच्या निषेधाचं कौतुक केलं. इतकी वर्षं पाठ फिरवून बसायचं म्हणजे केवढा निश्चय लागतो, असं काहीतरी.

वहिनी घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसत सुटल्या.

"अहो कसला निषेध? ते पहिल्यापासून तसेच बसतात. टीव्ही आणला त्या दिवसापासून. मी टीव्ही बघायची आणि हे मला बघायचे. मी म्हणायची, अहो, एवढ्या हौसेने आणलाय, तिकडे बघा. तर म्हणायचे, तू बघतेस ना, मला तुझ्यावरून कळतं."

मग त्यांनी घास भरवता भरवता बाकीचंही सांगितलं. त्या कोपरला आल्या तेव्हा ना तिथे फोन, ना वर्तकनगरला. पेडणेकर रविवारी यायचे आणि आठवड्याचा हिशोब सांगायचे. बुधवारी तो माणूस चुकून भलत्याच लग्नात जेवायला बसला, तिथे तू हसलीस. शुक्रवारी ती म्हातारी गेली, तेव्हा तुझे डोळे भरले. आणि ते बरोबर असायचं. तुमच्याकडे सगळे हसले की यांना तिकडे कळायचं, वहिनी म्हणाल्या, की इकडे मीपण हसली. त्या अगदी साधेपणाने सांगत होत्या. मला मात्र माझा तो ऑफिसात वापरलेला टोमणा आठवला आणि कुठे बघावं ते कळेना.

"हल्ली चुकतात हो," त्या म्हणाल्या. "मागच्या रविवारी म्हणाले, गुरुवारी खूप हसलीस ना. गुरुवारी तर भाषण होतं. मी आपलं हो म्हटलं. वय झालं आता त्यांचं."

तेवढ्यात टीव्हीवर कुणीतरी कुणाच्या तरी ताटात पाय दिला आणि वहिनी पोट धरून हसल्या. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आता तिकडे कळलं असेल यांना."

मालतीने माझ्याकडे बघितलं. वर्तकनगरला आमच्या घराला कुलूप होतं, आणि समोरच्या घरात टीव्ही नव्हता.

पुढच्या बुधवारी मी संध्याकाळी समोरचं दार वाजवलं. पेडणेकर दिवा न लावताच खाटेवर बसले होते. मी म्हटलं, चला, सुरू होतंय. त्यांनी विचारलं, कुठलं. मी म्हटलं, आपलं जुनं. केबलचा कंटाळा आला. आता बुधवारी हेच लावायचं ठरवलंय.

ते आले. स्टूल त्यांनी स्वतः उचललं आणि जागेवर ठेवलं. मी रिमोट कपाटावर टाकला. स्वातीने कुरकुर केली, पण आईचा चेहरा बघून गप्प झाली. कार्यक्रम सुरू झाला आणि काय सांगू, तो पूर्वी होता त्याच्या दसपट टुकार झाला होता. मी चांगल्या कामाला लागलोय या भावनेने पहिल्याच विनोदाला गडगडाटी हसलो.

पेडणेकरांनी माझ्याकडे जरा वेळ रोखून बघितलं. मग मान हलवली.

"रिजेक्ट," ते हळूच म्हणाले. "खोटं नका हसू हो, सामंत. तिकडे ती अजून हसली नसेल. माझा हिशोब चुकतो."

पेडणेकर हात गुडघ्यांवर ठेवून आमच्याकडे बघत राहिले, आणि मी टीव्हीकडे बघत खरोखरचं हसू येण्याची वाट पाहू लागलो. बरीच वाट पाहावी लागली.