उज्ज्वलाताई शाळा निवडतात

उज्ज्वलाताई कुलकर्णींच्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या आहेत. सहांत मोहरी, जिरं, हळद वगैरे. सातवीत दहा नंबरचे नट. एकदा त्यांच्याकडं पोह्यांना फोडणी देताना माझा चमचा त्या वाटीत गेला, तर म्हणाल्या, "अगं, ते नको, ते चांगले आहेत." पोह्यांची काळजी त्यांना नव्हती.

टोक्योतल्या एदोगावा भागात आम्ही एकाच इमारतीत राहतो. त्या चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. आयटीच्या लाटेत पुण्या-मुंबईहून जी मंडळी इकडं आली, त्यात कुलकर्णीही आले. ते एका बँकेसाठी सॉफ्टवेअर लिहितात, मी भाषांतरं करते. मला जपानी चांगलं येतं, आणि येतं हे मी कुणाला विसरू देत नाही. ताई छत्तीस वर्षांच्या, चिंचवडच्या, दोन मुलांच्या आई. एके दिवशी मेथी निवडता निवडता त्यांनी जाहीर केलं की त्या गाड्या दुरुस्त करायला शिकणार. रीतसर, दोन वर्षांच्या शाळेत जाऊन.

"तिथं अठरा वर्षांची पोरं असतात, ताई."

"असू देत. बघू की, कोण अडवतंय ते."

हे त्यांचं पालुपद. घरमालकापासून सासूबाईंच्या फोनपर्यंत सगळ्यांना एकच उत्तर.

माणूस आधी शाळा ठरवतो, मग वह्या घेतो. ताईंनी आधी नट पिळायचे पाने घेतले. उरायासुच्या वाटेवर जुन्या हत्यारांचं एक दुकान आहे, तिथं दर शनिवारी सायकलवरून जायच्या. नवीन पाना घ्यायचा नाही हा त्यांचा नेम. "नवा पाना म्हणजे नवी सून. कामाला किती टिकेल, कुणी सांगावं?" जुन्या पान्यांवर आधीच्या मालकांची नावं कोरलेली असत. ती मी वाचून दाखवायची. मग ते पाने त्याच नावांनी घरात वावरू लागले. "अहो, तो सातोसान जरा सरकवा," असं ऐकू आलं की समजायचं, सोफ्यावर कुलकर्णी पान्यावर बसलेत.

कुलकर्णींनी एकदा तोंड उघडलं. "शाळेचा पत्ता नाही आणि घरात हत्यारं. बाजारात तुरी न् भट भटणीला मारी."

"म्हणूनच तुरी आधी घरात आणल्या," ताई म्हणाल्या. "आता माघार घ्यायची म्हटली तरी रोज पायात येतील." सरावासाठी त्यांनी नवऱ्याची सायकल इतक्या वेळा खोलली की बिचारा स्टेशनपर्यंत चालत जायला लागला. वजन चार किलो उतरलं, म्हणून तक्रारही करता येईना.

दसऱ्याला इथल्या मराठी मंडळानं सभागृह घेतलं होतं. पाटावर ओळीनं लॅपटॉप, त्यांना हळदकुंकू. ताईंनी मधोमध पाने आणि एक जॅक आणून ठेवला. मंडळाच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "हे जरा मागं ठेवता का? तेल लागेल."

"शस्त्रपूजा आहे ना? मग यातलं काय पायावर पडलं तर बोट तुटेल, ते सांगा." जॅक मधोमधच राहिला, आणि त्यावर झेंडूही सगळ्यात जास्त पडले.

शाळा बघायला मला दुभाषी म्हणून नेलं. पहिली शाळा टोक्योतच. काचेची इमारत, पायात मऊ सपाता, समोर हिरवा चहा. अधिकारी ताईंना दहा वेळा वाकला आणि म्हणाला की प्रवेश नक्की, पण त्यांच्यासाठी ग्राहकांशी बोलण्याचा अभ्यासक्रम जास्त शोभेल, इंग्रजी उपयोगी पडेल. गाडी दाखवली, ती काचेपलीकडून. ताईंनी चहा संपवला आणि मला विचारलं, "ही बाई गाडीला हात लावणार, हे याला सांगितलंस का?" मी दोनदा सांगितलं होतं. तो दोन्ही वेळा हसला होता.

दुसरी शाळा चिबामध्ये, स्टेशनपासून लांब, पत्र्याची शेड. साठीचे मास्तर सरळ मला म्हणाले, "जपानी कच्चं आहे, वय जास्त आहे, बायकांना कपडे बदलायला जागा नाही. घरी जाऊन विचार करायला सांगा." आणि एका गाडीखाली जाऊन आडवे झाले. मी ताईंना म्हटलं, चला, झालं. ताई हलल्या नाहीत.

गाडीखालून एक हात बाहेर आला. "चौदा." जपानीत, तेवढंच. शिकणारी पोरं लांब होती. ताईंनी ट्रेमधला चौदाचा पाना उचलून हातावर ठेवला. हात आत गेला. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर. "बारा." मग चिंधी. मग टॉर्च. अर्धा तास हेच चाललं होतं. मास्तर बाहेर आले, सलवार-कमीजमधल्या बाईकडं बघून जरा थबकले, आणि मला म्हणाले, "एप्रिलपासून साडेसातला यायचं. पहिल्या वर्षाची मुलं शेड झाडतात. सांगा त्यांना." आणि फॉर्म दिला.

परतीच्या लोकलमध्ये माझा पारा चढला. "ताई, ती काचेची शाळा घरापासून वीस मिनिटांवर. तिनं पायघड्या घातल्या. आणि तुम्ही इथं झाडू मारायला येणार?"

मला वाटलं, आता ते पालुपद येईल. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तीन वर्षं झाली गं इथं," त्या म्हणाल्या. "जाईन तिथं सगळे वाकतात, खुर्ची देतात. पाहुणीच मी. मुलांना विचारलं काही हवंय का, तर 'दाइजोबु', काही नको. यांचं सगळं ऑफिसात. दिवसभर माझ्याविना कुणाचं अडत नाही. फार एकटं वाटतं. त्या माणसाला कोण उभं आहे ते दिसतही नव्हतं. नुसता हात पुढं केला आणि मागितलं. तीन वर्षांत माझ्याकडं पहिल्यांदा कुणी काही मागितलं."

बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, तीन वर्षं प्रत्येक ठिकाणी "राहू द्या ताई, मी करते" म्हणणारी मीच होते. आत्ताही तो फॉर्म माझ्याच मांडीवर होता, पेन माझ्या हातात, आणि त्यांचं नाव लिहायला मी सुरुवातही केली होती.

मी लिहिलेलं खोडलं आणि फॉर्म आणि पेन त्यांच्याकडं दिलं. त्यांनी तो गुडघ्यावर धरला आणि गाडीच्या हिसक्यांत सावकाश लिहू लागल्या. तिसऱ्या रकान्यात त्या चुकल्या. मी गप्प बसले.