अंधारात संमत झालेला ठराव

माझ्या नियोजनात एक चूक शोधून दाखवा! सदतीस वर्षं सरकारी कारखान्यात जनरेटर बनवले मी. बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या आमच्या मराठी मंडळाची सभा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

सभा मात्र महत्त्वाची होती. डिसेंबरचा पहिला रविवार दरवर्षी मंडळाचा अधिकृत 'दिव्यांग सन्मान दिन' करावा, अशी देवव्रतची मागणी होती. देवव्रत बँकेत अधिकारी, जन्मापासून अंध. दोन वर्षं त्याचा ठराव आम्ही पुढे ढकलत होतो. यंदा मसुदा खुद्द मीच लिहिला! आमच्या घटनेप्रमाणे ठराव सभेत अख्खा वाचायचा, मगच मतदान. त्यात सहाला हॉल रिकामा करायचा होता, कुणाचं तरी बारसं होतं.

मध्येच फोन वाजायला नकोत म्हणून मी सगळ्यांचे मोबाइल कपाटात कोंडले आणि किल्ली हॉलचे व्यवस्थापक कृष्णमूर्ती यांच्याकडे दिली. शिस्त म्हणजे शिस्त!

पावणेसहाला मी कागद हातात घेऊन उभा राहिलो आणि लाइट गेले. हॉल तळघरात. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना!

"कृष्णमूर्ती, जनरेटर!"

"स्वल्प इरी सार!" असं कानडीत 'जरा थांबा' म्हणत ते कपाटाच्या किल्लीसकट वर गेले. जनरेटर नुसता खोकत राहिला. तो आमच्याच कारखान्याचा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

"आता पुढच्या वर्षी बघू," कोणीतरी म्हणालं.

"का? मी वाचतो की!" देवव्रत म्हणाला. मी सकाळी पाठवलेल्या मसुद्याची ब्रेल प्रत त्याने घाईघाईत काढून आणली होती.

तो झरझर वाचू लागला आणि अचानक थांबला. "'या बिचाऱ्यांना धीर देण्यासाठी'... हे कोणी लिहिलं?"

"ह्यांनी!" प्रमोदिनीने, म्हणजे माझ्या सख्ख्या बायकोने, मला पकडून दिलं.

"काका, आत्ता या हॉलमध्ये बिचारं कोण आहे?"

हशा पिकला. "काढ तो शब्द!" मी ओरडलो.

"अख्खी ओळच काढतो. आणि जरा वळा, तुम्ही भिंतीशी बोलताय."

अंधारात वर केलेले हात कोण मोजणार? देवव्रतने प्रत्येकाला आपलं नाव सांगून 'हो' की 'नाही' ते बोलायला लावलं. बेचाळीस नावं, बेचाळीस 'हो'! शेवटचं माझं. ते मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. खरं सांगतो, इतका अभिमान मला माझ्या एकाही जनरेटरचा वाटला नव्हता. त्या भरात मी सभेला उद्देशून छान पाच मिनिटं आभाराचं भाषण ठोकलं.

लाइट आले. मी वळलो होतो, बरं का! फक्त दुसऱ्या भिंतीकडे.